प्रोस्टेटचा कर्करोग आणि न मोजलेले एक अक्षर

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाविषयी गेल्या काही वर्षांत एका ठरावीक साच्याची बातमी वरचेवर येते. अमुक एन्झाइमचे अमुक रूप ज्या रुग्णात आढळते, त्याचा रोग वेगाने पसरतो, असा तिचा आशय असतो. बातमी खोटी नसते. परंतु ‘रूप’ या एकाच शब्दाखाली ती दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाकून टाकते. एक रूप जन्मतः मिळते. आईवडिलांकडून आलेल्या जनुकात एखादे अक्षर वेगळे असते आणि त्यामुळे शरीरातील प्रत्येक पेशीत ते एन्झाइम किंचित निराळे घडते. दुसऱ्या प्रकारात जनुकाचे अक्षर बदललेले नसते. एकाच घराण्यातील दोन-चार भावंड एन्झाइमांपैकी कोणते किती प्रमाणात कामाला लागावे, हे गाठीतील पेशी ठरवते. पहिले रूप ओळखण्यास थोडे रक्त किंवा लाळ पुरते, आणि ते विसाव्या वर्षी जे असते तेच सत्तराव्या वर्षीही असते. दुसऱ्यासाठी प्रत्यक्ष गाठीचा तुकडा लागतो, आणि उपचार सुरू झाल्यावर तेथील चित्र पालटूही शकते.

हा भेद केवळ पारिभाषिक काटेकोरपणाचा नाही. पहिल्या प्रकारचे एक रूप प्रोस्टेट कर्करोगाच्या प्रवासात खरोखर वजनदार ठरलेले आहे. त्याचे वजन कोणत्या रुग्णांत किती, याचे जे आकडे जगभर उद्धृत होतात, ते बहुतांशी अमेरिकेतील रुग्णांचे आहेत. भारतात हा रोग निदानाच्या वेळी ज्या अवस्थेत आढळतो ती अवस्था पाहता, हे आकडे जसेच्या तसे उचलणे चुकीचे आहे आणि त्यांच्याकडे पाठ फिरवणे त्याहूनही चुकीचे. ते का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

शिकागो विद्यापीठातील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिले की वृषणे काढली, तर शरीरभर पसरलेला प्रोस्टेट कर्करोगसुद्धा मागे हटतो. या कर्करोगाच्या पेशी पुरुष संप्रेरकांवर, म्हणजे अँड्रोजेनवर, पोसल्या जातात. पुरवठा तोडला की त्या उपासमारीने खंगतात. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आठ दशकांनंतरही पसरलेल्या रोगाच्या उपचाराचा पाया तोच आहे. शस्त्रक्रियेऐवजी आता ठरावीक अंतराने इंजेक्शने देता येतात. भारतात मात्र खर्चाचा विचार करून वृषणे काढण्याचा एकदाच करावा लागणारा उपाय आजही अनेक ठिकाणी स्वीकारला जातो.

उपचार लागू पडतो. वेदना थांबतात, रक्तातील पीएसए झपाट्याने उतरतो. आणि मग कोणाचा काही महिन्यांनी, कोणाचा काही वर्षांनी, रोग परत येतो. या अवस्थेला वैद्यकात जे नाव आहे त्याचा अर्थ ‘वृषणच्छेदाला न जुमानणारा कर्करोग’ असा होतो, आणि ते नाव कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांची दिशाभूल करत आले आहे. त्यातून असे वाटते की पेशींना आता अँड्रोजेनची गरजच उरलेली नाही. बहुसंख्य रुग्णांत वस्तुस्थिती उलट असते. पेशींची भूक तशीच असते. त्यांनी फक्त दुसरा दुकानदार शोधलेला असतो.

तो दुकानदार म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. माणसात या ग्रंथी डीएचईए नावाचे स्टेरॉइड मोठ्या प्रमाणात तयार करतात. रक्तात त्याचा साठा, विशेषतः सल्फेट जोडलेल्या स्वरूपातला, टेस्टोस्टेरॉनच्या कितीतरी पट असतो. स्वतः डीएचईए फारसे प्रभावी नाही. परंतु प्रोस्टेटच्या कर्कपेशी ते आत ओढून घेतात आणि एन्झाइमांच्या साखळीतून त्याचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे सर्वांत तीव्र अँड्रोजेनमध्ये करतात. ही साखळी बहुधा टेस्टोस्टेरॉनच्या थांब्यावर उतरतसुद्धा नाही, बाहेरच्या वाटेने थेट मुक्कामी पोहोचते. त्यामुळे रक्तातील टेस्टोस्टेरॉन नगण्य असतानाही गाठीच्या आत इंधन तयार होत राहते.

प्रयोगशाळेत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीत त्यासाठी आवश्यक असलेले सीवायपी१७ए१ हे एन्झाइम नसते, म्हणून उंदराच्या रक्तात हा साठाच नसतो. नेहमीच्या उंदरात वाढवलेल्या मानवी गाठीला हा पर्यायी पुरवठा मिळत नाही. मानवी रोगातील एक मुख्य वाट प्रयोगाच्या प्राण्यात मुळातच बंद असावी, हे कर्करोग संशोधनातील नमुना-प्राण्यांच्या मर्यादेचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या साखळीच्या उंबरठ्यावर एचएसडी३बी१ या जनुकातून घडणारे एन्झाइम उभे असते. डीएचईएला पुढे सरकायचे तर याच दारातून जावे लागते. २०१३ साली निमा शरीफी यांच्या क्लीव्हलँड येथील गटाने ‘सेल’ या नियतकालिकात या एन्झाइमच्या एका रूपाचे वर्णन प्रसिद्ध केले. जनुकातील १२४५ व्या स्थानी ‘ए’ या अक्षराऐवजी ‘सी’ असले, की प्रथिनातील ३६७ व्या जागी ॲस्परजिनऐवजी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल येते. बदल एवढाच, तोही साखळीच्या अगदी शेवटाशी.

या बदलाने एन्झाइम अधिक चपळ होत नाही, हे या शोधाचे मर्म आहे. रासायनिक क्रियेचा वेग तोच राहतो. बदलते ते आयुष्य. पेशीत कोणतेही प्रथिन कायमचे टिकत नाही. मोडीत काढायच्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या रेणूंची चिठ्ठी डकवली जाते आणि चिठ्ठी लागलेले प्रथिन प्रोटिएझोम नावाच्या यंत्रात तुकडे होऊन संपते. थ्रिओनिन असलेल्या रूपाला ही चिठ्ठी सहजी चिकटत नाही. ते मोडीत निघण्याचे टळते, पेशीत साचत जाते, आणि दारावर एकाऐवजी अनेक रखवालदार उभे राहिल्यासारखी डीएचईएची आत जाणारी रांग झपाट्याने पुढे सरकते. सोयीसाठी या रूपाला टिकाऊ रूप आणि मूळ रूपाला अल्पायुषी रूप म्हणता येईल. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असल्यामुळे कोणाकडे दोन्ही अल्पायुषी, कोणाकडे एक टिकाऊ, तर कोणाकडे दोन्ही टिकाऊ, असे तीन गट पडतात.

या तीन गटांचे पुढे काय झाले, हे २०१६ साली ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’मध्ये आले. शस्त्रक्रियेनंतर रोग परतलेल्या आणि अँड्रोजेन तोडणारा उपचार सुरू केलेल्या ११८ रुग्णांच्या पहिल्या गटात रोग पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक काळ दोन्ही प्रती अल्पायुषी असणाऱ्यांत ६.६ वर्षे, एक प्रत टिकाऊ असणाऱ्यांत ४.१ वर्षे आणि दोन्ही टिकाऊ असणाऱ्यांत २.५ वर्षे होता. पायऱ्या इतक्या स्वच्छ उतरत जाणे जनुकीय संशोधनात विरळा. अन्य रुग्णगटांतही हाच कल दिसला. पुढे २०२४ साली अमेरिकेच्या माजी सैनिकांतील ५,२८७ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ८ टक्क्यांकडे दोन्ही प्रती टिकाऊ होत्या, आणि निदानानंतरच्या पाच वर्षांत प्रोस्टेट कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात ४ टक्के होते, तर दोन्ही अल्पायुषी प्रती असणाऱ्यांत १.९ टक्के.

हा शेवटचा आकडा बातमीत ‘मृत्यूचा धोका दुप्पट’ असा येतो. तो तसा आहेच. पण शंभर रुग्णांत पाच वर्षांत साधारण दोन मृत्यू अधिक, असेही तेच वाक्य लिहिता येते, आणि दोन्ही वाक्ये शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय वाचकाला अंदाज येत नाही. विज्ञानाच्या बातम्यांत पहिले वाक्य मथळ्यात जाते आणि दुसरे कोठेच जात नाही, ही तक्रार जुनी असली तरी शिळी झालेली नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या रूपांकडे. जीवनसत्त्व अ पासून रेटिनॉइक आम्ल बनवणारी अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज ही एन्झाइमांची मोठी बिरादरी आहे. त्यांतील एएलडीएच१ए१ आणि एएलडीएच१ए३ ही दोन सख्खी भावंडे; काम जवळपास एकच. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी २०२४ साली ‘थेरानॉस्टिक्स’मध्ये दाखवले की प्रोस्टेट कर्करोगाच्या फैलावात ही भावंडे सारखी वागत नाहीत. पहिले हाडांत होणाऱ्या फैलावाला आणि किरणोपचाराला तोंड देण्याच्या क्षमतेला बळ देते. दुसऱ्याचा प्रभाव त्याच्या विरुद्ध दिशेने जातो. पेशीतील अँड्रोजेनचा आणि रेटिनॉइक आम्लाचा ग्राही ही दोन नियंत्रक प्रथिने या एन्झाइमांशी कशी गुंतलेली आहेत, यावर हा फरक अवलंबून असतो. येथे कोणाच्याही वारशात काही लिहिलेले नाही. हा गाठीच्या आतला, तात्कालिक हिशेब आहे. प्राण्यांवरील आणि पेशींवरील प्रयोगांतून तो उलगडत आहे. रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्यास त्याला वेळ लागेल.

अशा गाठीच्या आतल्या हिशेबावर भारतातही चांगले काम झाले आहे. आयआयटी कानपूरमधील बुशरा अतीक यांच्या गटाने २०२० साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये स्पिंक१ या प्रथिनाविषयी निष्कर्ष मांडले. स्पिंक१ हे स्वतः एन्झाइम नसून ट्रिप्सिनसारख्या एन्झाइमांना वेसण घालणारे प्रथिन आहे. अँड्रोजेनचा ग्राही एरवी त्याच्या निर्मितीवर दाब ठेवतो. अँड्रोजेनविरोधी औषधांनी तो दाब उठतो, स्पिंक१ वाढते आणि पेशी आपला स्वभाव बदलण्याच्या मार्गाला लागते. म्हणजे उपचारच अप्रत्यक्षपणे एका नव्या धोक्याला दार उघडून देतो. त्याच वर्षी अतीक यांना वैद्यकशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार जाहीर झाला. देशात या विषयाची समज नाही किंवा प्रयोगशाळा नाहीत, असे म्हणता येणार नाही, हे सांगण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. उणीव दुसरीकडे आहे.

ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२० साली भारतात प्रोस्टेट कर्करोगाचे ३४,५४० नवे रुग्ण होते आणि १६,७८३ मृत्यू. अमेरिकेत त्याच वर्षी नवे रुग्ण सुमारे २ लाख १० हजार, मृत्यू सुमारे ३२ हजार. तेथे सहा-सात नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, येथे दोनांमागे एक. ही तुलना ढोबळ आहे. अमेरिकेत पीएसए तपासणीमुळे कधीच जिवावर न बेतणारे अनेक कर्करोगही मोजले जातात आणि भाजक फुगतो. परंतु ते वजा केले तरी उरणारा फरक मोठा आहे आणि त्याचे मुख्य कारण सर्वांना ठाऊक आहे: भारतात रुग्ण उशिरा येतो. लघवीचा त्रास वयाचा म्हणून सोसला जातो, कंबरदुखी वाताची म्हणून चोळली जाते, आणि पहिल्या तपासणीच्या वेळी रोग मणक्यांत उतरलेला असतो.

याचा अर्थ असा की अमेरिकेत जो उपचार अनेकांच्या वाट्याला शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी येतो, तो अँड्रोजेन तोडण्याचा उपचार भारतात पुष्कळांच्या वाट्याला पहिल्याच दिवशी येतो. टिकाऊ रूप आपला प्रभाव दाखवते ते नेमके याच उपचाराच्या काळात. तेव्हा या एका अक्षराचे महत्त्व भारतात अधिक असले पाहिजे, असा निष्कर्ष स्वाभाविकपणे समोर येतो.

आणि येथेच थांबून पाहावे लागते. अमेरिकेतील ‘चार्टेड’ या मोठ्या चाचणीतील ४७५ श्वेतवर्णीय रुग्णांच्या जनुकांचे विश्लेषण २०२० साली प्रसिद्ध झाले. ज्यांचा फैलाव मर्यादित होता, त्यांच्यापैकी टिकाऊ प्रत असलेले ५१ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतरही उपचाराला दाद देत होते. टिकाऊ प्रत नसलेल्यांत हे प्रमाण ७०.५ टक्के होते. मात्र ज्यांचा फैलाव मोठा होता, त्यांच्यात या रूपाने काही फरक पडलेला दिसला नाही. रोगाचा भार एकदा फार वाढला की गाठीला इंधनाच्या इतर अनेक वाटा सापडत असाव्यात आणि एका दारावरचा रखवालदार गौण ठरत असावा. भारतात उशिरा येणाऱ्या रुग्णांत मोठ्या फैलावाचे रुग्ण बरेच असतात. मग येथे हे अक्षर अधिक महत्त्वाचे, की कमी? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो आणि दोन्ही युक्तिवाद अमेरिकेतील आकड्यांवरच उभे राहतात. कानपूरच्या, कोलकात्याच्या किंवा नागपूरच्या रुग्णात काय घडते, याचे उत्तर त्यांतून निघत नाही.

वंशाचा प्रश्न आणखी वेगळा. टिकाऊ रूप युरोपीय वंशाच्या लोकांत सर्वाधिक आढळते. आफ्रिकी आणि पूर्व आशियाई लोकांत ते बरेच विरळ आहे. तरीही अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांत या कर्करोगाचे मृत्यू श्वेतवर्णीयांपेक्षा अधिक आहेत. जनुकाचे एक अक्षर एखाद्या समाजाच्या मृत्युदराचा खुलासा करत नाही, हे त्यातून दिसते. रोग कधी सापडला, उपचार कोणता परवडला, या गोष्टी त्याच्या डोक्यावरून जातात. आणि भारत हा तर एक जनसमूहच नव्हे. अंतर्विवाही जातीजमातींच्या शेकडो गटांत एखाद्या रूपाचे प्रमाण एकमेकांपासून खूप दूर असू शकते. देशाची एक सरासरी काढून ठेवली, तर ती कोणालाच लागू पडणार नाही.

हे प्रमाण मोजण्याचे साधन आता देशाजवळ आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ऐंशीहून अधिक लोकसमूहांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचे संपूर्ण जीनोम वाचले, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली. फरीदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्रात ती ठेवलेली आहे. एचएसडी३बी१ मधील १२४५ व्या अक्षराचे गटवार प्रमाण त्यातून काढणे हे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाएवढे काम आहे. पण तेवढ्याने अर्धेच कोडे सुटेल. तो प्रकल्प निरोगी व्यक्तींचा आहे. कोणत्या समूहात टिकाऊ रूप किती, हे तो सांगू शकेल. ते रूप असलेल्या भारतीय रुग्णाचा उपचार किती वर्षे टिकला, हे सांगू शकणार नाही. त्यासाठी रुग्ण हवेत, आणि त्यांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा हवा.

अनुभवी कर्करोगतज्ज्ञांचा यावरचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदार आहे. अहवाल काहीही आला तरी आज उपचार बदलणार नसेल, तर चाचणी कशासाठी? अबिराटेरोन या औषधाचे उदाहरण घेतले तरी गुंता लक्षात येतो. २०११ पासून वापरात असलेले हे औषध डीएचईए तयार होण्याआधीचीच पायरी, म्हणजे वर उल्लेखलेले सीवायपी१७ए१, रोखते. तेव्हा टिकाऊ रूप असलेल्यांना त्याचा विशेष लाभ व्हावा, असे कागदावर दिसते. परंतु अबिराटेरोन स्वतः स्टेरॉइडच आहे, आणि एचएसडी३बी१ त्यालाही सोडत नाही. २०१५ साली आढळले की हे एन्झाइम त्या औषधाचे रूपांतर त्याहूनही प्रभावी अशा रेणूत करते. २०१६ साली आढळले की त्याच रेणूचे पुढे दुसऱ्या एन्झाइमकडून आणखी रूपांतर होते, आणि त्यातून बनणारा पदार्थ उलट कर्करोगाच्याच ग्राहीला चेतवतो. एकाच दारातून औषधही जाते, विषही. कागदावरचे तर्क रुग्णावर लादण्याआधी चाचणी का लागते, याचा हा वस्तुपाठ.

दुसरा आक्षेप प्राधान्याचा. बीआरसीए२ या जनुकातील वंशागत दोष या रोगात आढळला तर उपचाराची दिशा बदलते, ओलापॅरिबसारखी औषधे उपयोगी पडतात, आणि रुग्णाच्या भावांना, मुला-मुलींना सावध करता येते. ती चाचणीसुद्धा ज्या देशात असंख्य रुग्णांपर्यंत पोहोचत नाही, तेथे एचएसडी३बी१ चा आग्रह कशाला? हाही मुद्दा रास्त आहे. रुग्णाने स्वतःच्या खिशातून पैसे भरायचे असतील, तर बीआरसीएचा क्रम निर्विवाद आधी लागतो. शिवाय एचएसडी३बी१ मधील फरक बीआरसीएच्या जातीचा नाहीच. तो कर्करोग कोणाला होईल हे वर्तवत नाही. झालेला रोग उपचाराला किती काळ दाद देईल, याच्याशी त्याचा संबंध आहे. तंदुरुस्त माणसांच्या जनुक-तपासणीच्या आकर्षक संचांत हे नाव घालून चाळिशीतल्या पुरुषांना घाबरवण्याचा उद्योग कोणी सुरू केला, तर तो निखालस फसवणुकीचा ठरेल. या रूपाला ‘वाईट जनुक’ म्हणणेही चूक आहे. २०२० साली तीव्र दम्याच्या रुग्णांवरील एका अभ्यासात नेमके उलटे दिसले: तोंडावाटे स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे अल्पायुषी रूपाच्याच प्रती होत्या, त्यांची फुप्फुसे उपचाराला कमी दाद देत होती. तेथे डीएचईएपासून अँड्रोजेन बनणे उपकारक असते. प्रोस्टेटमध्ये जे टिकणे महागात पडते, तेच श्वासनलिकेत कामी येते.

पण या दोन्ही आक्षेपांतून चाचणी विकू नये एवढेच सिद्ध होते. अभ्यास करू नये, हे सिद्ध होत नाही. या दोहोंतील अंतर भारतातील चर्चेत नेहमी पुसले जाते. परदेशात एखादे जैवचिन्ह गाजले की येथे एक गट लगेच त्याची चाचणी बाजारात आणण्याच्या तयारीला लागतो, दुसरा गट ती आपल्याकडे परवडणारी नाही म्हणून विषय मिटवतो, आणि ते चिन्ह भारतीय रुग्णांत काही सांगते की नाही, हा साधा प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो. पाच-सात वर्षांनी तिकडे औषध निघते, त्या औषधाची निवड-कसोटी तिकडच्या आकड्यांवर ठरते, आणि मग ती भारतीय रुग्णांना लागू आहे का, याची धावाधाव सुरू होते. एचएसडी३बी१ च्या बाबतीत ही वेळ फार दूर नाही. २०२३ साली शरीफी यांच्याच गटाने दाखवले की बीएमएक्स नावाचे दुसरे एक एन्झाइम एचएसडी३बी१ वर फॉस्फेटचा टिळा लावते तेव्हाच ते नीट काम करते, आणि बीएमएक्सला रोखले तर हे दार बंद करता येते. दार बंद करणारे औषध खरोखर हाती आले, तर ते प्रथम कोणाला द्यावे, हा प्रश्न त्या एका अक्षराशी येऊन ठेपेल.

उत्तर शोधण्याचा खर्चही मोठा नाही. एका अक्षराची तपासणी साध्या पीसीआरवर होते, आणि कोविडच्या साथीने देशात जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआरची यंत्रे व ती हाताळणारी माणसे उभी केली आहेत. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या जाळ्यात तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. अँड्रोजेन तोडण्याचा उपचार त्यांपैकी अनेक ठिकाणी रोज सुरू होतो. मर्यादित फैलाव आणि मोठा फैलाव असे दोन गट वेगळे ठेवून, उपचार कोणत्या दिवशी सुरू झाला आणि पीएसए पुन्हा कधी चढू लागला, एवढ्या दोनच तारखा जरी दोन-तीन हजार रुग्णांच्या बाबतीत नीट नोंदल्या, तरी अमेरिकेतील आकड्यांशी तुलना करण्याजोगे काही हाती येईल. विशेष म्हणजे केवळ वृषणे काढून ज्यांचा उपचार होतो असा मोठा गट येथे आहे. नव्या औषधांची भर न पडता या रूपाचा शुद्ध परिणाम किती, हे पाहण्याची संधी श्रीमंत देशांत आता उरलेली नाही. ती भारतात आहे, हे भूषणावह नसले तरी खरे आहे; आणि असा अभ्यास झालाच, तर त्यातील रुग्णांना त्यांच्या ऐपतीपलीकडचे उपचारही मिळतील याची तजवीज आधी झाली पाहिजे, नाहीतर त्याला संशोधन म्हणणे कठीण होईल.

यातील अवघड भाग जनुकाचा नाही, दुसऱ्या तारखेचा आहे. पहिल्या दिवशी हिमोग्लोबिन पाहण्यासाठी घेतलेल्या रक्ताच्या नळीतच एका अक्षरापुरते डीएनए असते. संमतीपत्रात एक परिच्छेद वाढवला की ते काम झाले. पीएसए पुन्हा चढल्याची तारीख मात्र तेव्हाच मिळते, जेव्हा बिहारमधून किंवा मराठवाड्यातून मुंबईला आलेला सत्तरीचा रुग्ण दर तीन महिन्यांनी तपासणीला परत येऊ शकतो, किंवा त्याच्या तालुक्यातील तपासणीचा आकडा मुंबईच्या नोंदवहीपर्यंत पोहोचतो. कर्करोग नोंदणी कार्यक्रम नवे रुग्ण मोजतो, मृत्यू मोजतो. या दोहोंच्या मधली वर्षे त्याच्या रकान्यांत नसतात. एन्झाइमचे टिकाऊ रूप आपले काम करते ते याच वर्षांत.